मुक्या जनावराचा विमा : दोह्यातील एक अनुभव

विमा हा शब्द आपल्या घरांत प्रथम शिरला तो आयुर्विम्याच्या रूपाने. १९५६ साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि पुढे ठाणे, भायखळा, उमरखाडी येथील आपल्या घरांतून एखादा ओळखीचा एजंट महिन्या-दोन महिन्यांनी चहाला येऊन बसू लागला, हे आमच्या पिढीतील वाचकांस आठवत असेल. माणसाच्या जिवाचा विमा उतरवावयाचा ही गोष्टच आपल्या वडीलधाऱ्यांच्या गळी उतरावयास वेळ लागला. कुत्र्याचा विमा म्हटल्यावर ते काय म्हणाले असते, याची कल्पनाच केलेली बरी!

परंतु काळ बदलला आहे. मागे एकदा अश्दोद येथील आमच्या मावसबहिणीचा फोन आला. तिच्या घरी लॅब्राडोर जातीचे चार महिन्यांचे पिल्लू आले होते. "दादा, तुम्ही दोह्यात असताना सोनीचा विमा घेतला होता ना? इथे तीन-चार कंपन्या आहेत. सर्वांत स्वस्त तोच घेऊ ना?" असा तिचा साधा प्रश्न होता. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईना, कारण स्वस्ताच्या मागे लागून आम्ही स्वतःच एकदा चांगले ठेचाळलो आहोत. तिला जे सांगितले तेच येथे जरा विस्ताराने लिहीत आहोत. परदेशी जाऊन राहिलेल्या आपल्या अनेक कुटुंबांत आता कुत्रे आहे. गाव बदलले, देश बदलला की त्या मुक्या जनावराचा विमाही बदलावा लागतो, आणि नेमकी तेथेच खरी गोम आहे.

जनावराचा विमा ही कल्पना तशी नवी नव्हे. आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांतून आपले पूर्वज घाण्यावर तेल गाळीत असत, तेव्हा घाण्याचा बैल लंगडला की सारे घरच बसत असे. त्यांना असा विमा मिळता तर त्यांनी तो हसत घेतला असता. स्वीडनमध्ये १८९० मध्ये घोडे व गुरे यांचा विमा सुरू झाला आणि १९२४ साली तेथे पहिल्या कुत्र्याचा विमा उतरविला गेला. इंग्लंडात ही प्रथा १९४७ साली आली. अमेरिकेत १९८२ साली पहिली पॉलिसी निघाली ती दूरदर्शनवरील सुप्रसिद्ध 'लॅसी' कुत्रीच्या नावाने.

भारतात १९७३ साली सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि सरकारी कंपन्यांनी गाई-म्हशींचा विमा खेडोपाडी नेला. विमा उतरविलेल्या जनावराच्या कानात क्रमांकाचा बिल्ला ठोकावयाचा आणि जनावर दगावले तर तो बिल्ला दाखविल्याखेरीज भरपाई मिळावयाची नाही, असा रोखठोक नियम होता व आहे. या कंपन्या कुत्र्याचाही विमा घेत. पण त्याचा मुख्य भर जनावर मेल्यास त्याची किंमत देण्यावर असे. आजारी कुत्र्याच्या औषधपाण्याचा व शस्त्रक्रियेचा खर्च देणारी पॉलिसी निराळी. २०२० मध्ये, पुण्यात मुख्य कचेरी असलेल्या बजाज अलायन्झ कंपनीने ती आणली व मागोमाग इतरांनीही आणली.

आता दोह्याकडे वळू.

आम्ही नोकरीनिमित्त ठाण्याहून कतारला गेलो तेव्हा सोनी दोन वर्षांची होती. तिला नेण्यापूर्वी करावे लागलेले सोपस्कार आमच्या पारपत्रापेक्षा अधिक होते. कतार सरकारच्या नगरपालिका मंत्रालयाची आयात-परवानगी, मानेच्या कातडीखाली बसविलेली पंधरा आकडी चिप, रेबीजची लस, भारत सरकारच्या पशु-संगरोध खात्याचे आरोग्यपत्र, असे सर्व कागद जुळवावे लागले. पिट बुलसारख्या काही जातींना तेथे मुळी प्रवेशच नाही. आमच्या लॅब्राडोरला अडचण नव्हती. तिने अर्थातच विमानाच्या मालकक्षातून प्रवास केला. कतार एअरवेजच्या विमानात प्रवाशांच्या शेजारी बसून जाण्याचा मान शिकारी ससाण्याला मिळतो. एका वेळी सहा ससाणे साध्या वर्गात बसू शकतात. दोह्याच्या सूक वाकिफ या जुन्या बाजारात ससाण्यांचे स्वतंत्र रुग्णालयच आहे. तेथे डोळ्यांवर चामड्याची टोपी चढविलेले पक्षी आपापल्या मालकांच्या मनगटांवर बसून पाळीची वाट पाहत असतात. आम्ही सोनीला घेऊन तेथून कधी गेलो नाही. उगाच कोणाचा अपमान नको!

दोह्यातील कुत्र्याचे आयुष्य आपल्याकडच्यासारखे नसते. जून ते सप्टेंबर दुपारच्या वेळी उघड्यावर काम करण्यास मजुरांनासुद्धा कायद्याने बंदी असते, इतके ऊन. त्या दिवसांत सोनीला पहाटे चार वाजता फिरवावे लागे. निघण्यापूर्वी हाताची उलटी बाजू फरसबंदीवर टेकवून पाहावयाची आणि हात पाच-सात सेकंद ठेववेना तर परत फिरावयाचे. हे न पाळणाऱ्यांच्या कुत्र्यांचे पंजे भाजतात. पग किंवा बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर उष्माघाताने प्राणाशी गाठ पडते. दुसरा त्रास गोचिडांचा. बंगल्यांच्या भिंतींच्या फटींत त्या राहतात आणि त्यांच्या चाव्याने येणारा ताप कुत्र्याच्या रक्तातील पेशी खाऊन टाकतो. आमच्या दुसऱ्याच वर्षी सोनीला हा ताप आला. तेव्हा तिचा विमा नव्हता. रक्ततपासण्या, सलाईन, महिनाभराच्या गोळ्या धरून २,७०० रियाल खर्च झाला. कतारचा रियाल डॉलरला ३.६४ या दराने बांधलेला आहे. म्हणजे सुमारे ७४० डॉलर झाले. शेजारच्या एका कुटुंबाने तर अशाच बिलाच्या भीतीने उपचार अर्ध्यावर सोडले. ते आम्ही पाहिले आणि विम्याची चौकशी सुरू केली.

त्या वेळी आम्ही फक्त हप्ता पाहिला. आज पाहू तर हप्ता सर्वांत शेवटी पाहू. कंपनी एका वर्षात जास्तीत जास्त किती देणार? ती मर्यादा सर्व आजार मिळून की प्रत्येक आजारास वेगळी? बिलातील पहिली किती रक्कम आपण सोसावयाची आणि उरलेल्यातील किती हिस्सा? विमा घेतल्यानंतर किती दिवस भरपाई मागता येत नाही? आजारासाठी बहुधा चौदा ते तीस दिवस, अपघातासाठी त्याहून कमी, आणि गुडघ्याच्या दुखण्यासाठी काही कंपन्यांत कित्येक महिने. हे सर्व पत्रकात असते, पण शेवटच्या पानावर व बारीक टायपात.

इंग्लंडात गेलेल्या आपल्या मंडळींना आणखी एक भेद ठाऊक असणे जरूर आहे. तेथे साधारण चार तऱ्हेच्या पॉलिसी मिळतात. केवळ अपघाताची पहिली, ती सर्वांत स्वस्त. दुसरी प्रत्येक आजाराचा खर्च बारा महिनेच देते व मग तो आजार कायमचा वगळते. तिसरीत प्रत्येक आजाराला एक ठराविक रक्कम असते. ती संपली की संपले. चौथी आयुष्यभराची, जिची रक्कम दरवर्षी नूतनीकरणाबरोबर पुन्हा भरते. मधुमेह, त्वचारोग, सांधेदुखी असे जन्माचे दुखणे जडले तर खरा उपयोग या चौथीचाच. म्हणून ती महाग असते. पण तीत एक अट आहे. नूतनीकरण एकदाही चुकता कामा नये. खंड पडला की तोवरचे सारे आजार 'पूर्वीचे' ठरतात.

'पूर्वीचा आजार' हे दोन शब्द आम्ही किंमत मोजून शिकलो.

आमची पहिली पॉलिसी वर्षाला १,४५० रियाल हप्त्याची होती. वर्षाची मर्यादा १२,००० रियाल. बिलातील पहिले ५०० आपले आणि उरलेल्याच्या ८० टक्के कंपनीचे. सोनी सहा वर्षांची असताना एका संध्याकाळी अंगणात चेंडूमागे धावताना ती किंचाळली आणि मागचा डावा पाय वर धरून उभी राहिली. गुडघ्यातील अस्थिबंध तुटला होता. वजनदार कुत्र्यांत, विशेषतः लॅब्राडोरांत, हे नेहमीचे. हाड कापून त्याचा कोन बदलावयाचा व धातूची पट्टी बसवावयाची अशी शस्त्रक्रिया झाली. बिल ९,२०० रियाल. कंपनीने तीन आठवड्यांत ६,९६० रियाल दिले. वाद नाही, खळखळ नाही. आम्ही २,२४० भरले आणि विम्याचे गुण गात राहिलो.

चार महिन्यांनी नूतनीकरणाचा कागद आला. हप्ता २,०५० झाला होता. आम्हांस राग आला. एकदा पैसे दिले म्हणून लगेच ६०० रियाल वाढवावयाचे? त्याच सुमारास एक एजंट भेटला. त्याच्याकडे दुसऱ्या कंपनीची १,५०० रियालची पॉलिसी होती. मर्यादा तीच, हिस्साही तोच. अर्जात एक रकाना होता : 'जनावरास यापूर्वी कोणता आजार अथवा इजा झाली आहे काय?' एजंट म्हणाला, "ते कोरे सोडा. कोण बघतो?" आम्ही कोरे सोडले नाही. डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्याचे लिहिले. विम्याचा करार हा सचोटीचा असतो आणि खोटे लिहून घेतलेली पॉलिसी ऐन वेळी रद्दी ठरते, एवढे आम्हांस वडिलांनी शिकविले होते. डावा गुडघा नव्या पॉलिसीत येणार नाही हे आम्ही समजून चाललो. तो तर बरा झाला होता! ५५० रियाल वाचले, या आनंदात जुनी पॉलिसी आम्ही त्याच आठवड्यात बंद केली.

पाच महिन्यांनी सोनीचा उजवा गुडघा गेला.

नव्या कंपनीने दवाखान्यातील सर्व जुन्या नोंदी मागविल्या. सर्वच कंपन्या असे करतात. विमा विकताना कोणी नोंदी पाहत नाही, पैसे देताना पहिल्या पिल्लूपणापासूनच्या पाहतात. उत्तर आले ते तीन ओळींचे. कुत्र्याच्या एका गुडघ्यास, डोळ्यास वा कानास विकार झाला असेल तर दुसऱ्या बाजूचा तोच विकार हा एकच विकार मानला जाईल, असे कलम पॉलिसीत होते. आम्ही कागद काढून पाहिला. होते, अकराव्या पानावर. शिवाय डाव्या गुडघ्याच्या वेळी आमच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाय तपासून कर्तव्यबुद्धीने एक ओळ लिहून ठेवली होती : 'उजवा गुडघाही किंचित सैल.' त्या ओळीने आमचे सारे म्हणणे निकालात निघाले.

बिल ९,६०० रियाल झाले. जुन्या पॉलिसीत त्यातील ७,२८० परत मिळाले असते. मुलाच्या महाविद्यालयीन प्रवेशासाठी बाजूस ठेवलेल्या पैशांतून आम्ही ते भरले. शस्त्रक्रिया करावी की नाही यावर दोन रात्री घरात बोलणे चालले होते, हे लपविण्यात अर्थ नाही. आमच्या वडिलांनी ठाण्याहून फोनवर विचारले, "कुत्र्याच्या पायाला एवढे?" त्यांचे चुकले असे आम्हांस आजही वाटत नाही. पण तिकडे सोनी तीन पायांवर उभी राहून दाराशी वाट पाहत होती, आणि मुलगा आमच्याशी बोलेनासा झाला होता.

डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, "पॉलिसी बदलण्यापूर्वी मला का नाही विचारलेत? एक गुडघा गेलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्यांच्या आसपास कुत्र्यांचा दुसराही जातो." त्यांना विचारावे हे आमच्या डोक्यातच आले नाही. एजंटला विचारले, शेजाऱ्यांना विचारले. ज्या बाईने दोन्ही गुडघे हातांनी चाचपले होते तिलाच विचारले नाही.

येथे माणसाच्या आणि जनावराच्या विम्यातील एक मोठा फरक सांगितला पाहिजे. भारतात २०११ सालापासून माणसाचा आरोग्यविमा एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेता येतो आणि पहिल्या कंपनीकडे काढलेला प्रतीक्षाकाल दुसरीकडे जमेस धरला जातो. आम्ही मनाशी तोच हिशेब धरून बसलो होतो. कुत्र्याच्या विम्याला ही सोय नाही. तेथे नवी कंपनी म्हणजे नवा जन्म. मात्र जुने दुखणे या जन्मीही मागे येते.

मग बदल कधीच करू नये काय? तसेही नव्हे. कुत्रे तरुण आहे, लसीखेरीज दवाखान्याची पायरी चढलेले नाही, तोवर खुशाल बदलावे. गमावण्यासारखे काही नसते. ज्याच्यावर उपचार चालू आहेत किंवा ज्याला मोठे दुखणे होऊन गेले आहे, त्याच्यासाठी वाढलेला हप्ता भरणे बहुधा स्वस्त पडते. बदलावयाचेच झाले तर दवाखान्यातून सर्व नोंदींची प्रत घ्यावी, ती नव्या कंपनीकडे आधी पाठवावी आणि 'तुम्ही काय काय वगळणार?' हे तिच्याकडून लेखी घ्यावे. काही कंपन्या पैसे भरण्यापूर्वी असे लिहून देतात. ज्या देत नाहीत त्यांच्याविषयी काय समजावयाचे ते समजावे. एखादे दुखणे वर्ष-दोन वर्षे उलटले नाही तर वगळणूक उठविता येईल काय, हेही विचारावे. त्वचेच्या किंवा पोटाच्या किरकोळ तक्रारींत कधी कधी ती उठते. नव्या पॉलिसीचा प्रतीक्षाकाल संपेपर्यंत जुनी मुळीच सोडू नये. महिनाभर दोन हप्ते पडतील, पडू द्यावेत.

आखाती देशांत राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. तेथील वास्तव्य नोकरीवर अवलंबून असते. नोकरी संपली की राहण्याचा परवानाही फार दिवस टिकत नाही. पॉलिसी मात्र बहुधा त्या देशापुरतीच असते. पुढे युरोपात जावयाचे असेल तर कतारहून निघणाऱ्या कुत्र्याची रेबीजच्या प्रतिकारशक्तीची रक्ततपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करावी लागते आणि रक्त घेतल्यावर तीन महिने थांबावे लागते. अमेरिकाही कतारला व भारताला रेबीजच्या दृष्टीने धोक्याच्या देशांत धरते. हा खर्च कोणताही विमा सहसा देत नाही. नोकरीची नोटीस हातात पडल्यावर तीन महिने कोठून आणावयाचे? उन्हाळा लागला की दोह्यात गळ्यात पट्टा असलेली बेवारशी कुत्री दिसू लागतात. त्यांतील कित्येकांच्या मालकांना हे कागद वेळेवर जमले नसतील, असे आम्हांस नेहमी वाटे.

आम्ही परतलो ते ठाण्यालाच. तेव्हा सोनी नऊ वर्षांची झाली होती. दोह्याची पॉलिसी तेथेच संपली. येथील कंपन्यांकडे गेलो तर मोठ्या जातीच्या कुत्र्याला नव्याने घेण्याची वयोमर्यादा उलटून गेलेली. एकाने तयारी दाखविली, पण दोन्ही गुडघे, सांधे आणि गोचीडतापाचे पुनरागमन वगळून. मग राहिले काय? आम्ही त्याचे आभार मानले आणि बँकेत एक वेगळे खाते उघडले. त्यात दरमहा २,००० रुपये पडतात. घरात त्याला सोनीचे खाते म्हणतात. मुंबईत परळचे बाई साकरबाई पेटिट रुग्णालय पूर्वीपासून आहेच. १ जुलै २०२४ रोजी महालक्ष्मीला टाटांचे नवे प्राणी-रुग्णालयही सुरू झाले. उपचाराची सोय वाढली तशी बिलेही वाढणार, हे धरून चालावे लागते. सोनी आता जिना चढत नाही. तळमजल्याच्या ओट्यावर बसून भाजीवाल्याची वाट पाहते. धातूच्या दोन पट्ट्या थंडीत तिला थोड्या बोचतात, इतकेच.

मावसबहिणीला आम्ही सांगितले की, तुझ्या पिल्लाला अजून काही झालेले नाही हीच त्याची मोठी पुंजी आहे. इस्रायलमध्ये चिप व रेबीजची लस कायद्याने बंधनकारक असल्याने ओळखीचा प्रश्न सुटलेला आहे. तेव्हा पिल्लाला पहिली गोचीड चावण्यापूर्वी विमा घे, आयुष्यभराचा मिळत असेल तर तोच घे, आणि दोन्ही बाजूंच्या अवयवांचे कलम आधी वाच. तिने ते केले. हप्ता जरा जड वाटला म्हणून कुरकुरली, पण केले.

नवव्या दिवशी तिचा पुन्हा फोन. पिल्लाने आंब्याची कोय गिळली होती. पशुवैद्याने ओकारी करवून ती बाहेर काढली, पिल्लू खेळू लागले, आणि बिल तिच्या हातात आले. आजाराचा प्रतीक्षाकाल तीस दिवसांचा आहे, अपघाताचा दोन दिवसांचा. कोय गिळणे हा आजार की अपघात, याबद्दल तिचा कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे.